सीतेची वेणी आणि मातीची कुंडी

कोकणातून मुंबईला परतणाऱ्या सामानात आमसुले, फणस यांच्याबरोबर कधी कधी वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवरचे एखादे ऑर्किडही असते. आमच्या घाटकोपरच्या घरी असेच एक आले. जाड, पट्ट्यासारखी खोबणीदार पाने आणि हवेत लोंबणारी पांढुरकी मुळे. ती सीतेची वेणी होती. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. मे-जूनच्या सुमारास हिच्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब घोस खरोखरच वेणीसारखा खाली सुटतो. आसामात हेच कपौ फूल बिहूच्या वेळी केसांत माळतात.

आम्ही ती कुंडीत लावली. चांगली माती, शेणखत, रोज पाणी. दीड-दोन महिन्यांत मुळे काळी पडून कुजली. इतकी काळजी घेऊनही रोप का मेले?

याचे उत्तर मुळातच आहे, आणि ते वर्गात दाखवताही येते. अशा ऑर्किडचे कोरडे मूळ घ्या (रोपावरून तोडू नका!) आणि त्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. पांढरे मूळ पाहता पाहता हिरवे होते. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडेपणी या पेशींत हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि मूळ पांढरे दिसते. पाणी शिरले की आवरण पारदर्शक होते, जसा तेलाचा थेंब पडलेला कागद होतो, आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते. म्हणजे हे मूळ पावसाचे पाणी टिपून घेते, अन्नही थोडे तयार करते. पण मधूनमधून ते सुकायला हवे. मातीत हा स्पंज सतत भिजलेला राहिला, हवा मिळेना, आणि मूळ गुदमरले. मादागास्करमधली अँग्रेकम किंवा आफ्रिकेतली एरँगिस ही ऑर्किडे वाढवणाऱ्यांनाही हाच नियम पाळावा लागतो.

मग झाडावर राहून ही खाते काय? पुष्कळ जण हिला बांडगूळच समजतात. बांडगुळाची मुळे यजमान झाडाच्या आत घुसून पाणी व क्षार ओढतात. सीतेची वेणी सालीला फक्त धरून असते. पावसाचे पाणी, धूळ, कुजलेला पाला एवढ्यावर तिचे भागते. फांदी तिच्यासाठी केवळ जागा आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही रोपवाटिकेतून प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेले रोप आणले. हे मुद्दाम सांगतो. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असतात, पण त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. निसर्गात विशिष्ट बुरशीने अन्न पुरवले तरच ती रुजतात. नोएल बर्नार याने 1899 मध्ये हे दाखवले. पुढे 1922 मध्ये लुईस नडसनने साखर व क्षार घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बी रुजवले, आणि अशी रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करता येऊ लागली. जंगलात मात्र एक रोप उपटले तर त्याची जागा भरून यायला फार काळ जातो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहल नेलीत तर मुलांना झाडावरची ऑर्किडे दुर्बिणीतून दाखवा. तिथून काही आणायचे नाही, कायद्याने तशी मनाई आहे.

रोप आम्ही खडबडीत सालीच्या आंब्याच्या लाकडाला जूनमध्ये सुती दोरीने सैलसर बांधले. तांब्याची तार वापरू नये, तांबे ऑर्किडला बाधते. मुळे उघडी ठेवली, माती अजिबात नाही. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे ऊन मिळते, दुपारी सावली. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी. पावसात लागत नाही, थंडीत एक-दोन दिवसांआड. खत अगदी पातळ करून, तेही फक्त मुळांची टोके हिरवी असताना, म्हणजे वाढ चालू असताना.

पहिल्या पावसाळ्यात दोन मुळांनी लाकूड घट्ट धरले आणि दोरी सोडता आली. फूल अजून आलेले नाही.