नंद गवळी आणि राजा पांठा : नंदुरबार परिसरातील आख्यायिकांतील राजे व त्यांचे प्रांत

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावासंबंधी ‘येथे पूर्वी राज्य कोणाचे होते?’ असा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर तीन ठिकाणी शोधावे लागते. लेखी इतिहास फारुकी सुलतान, गुजरातचे सुलतान, मोगल, मराठे व १८१८ नंतरचे इंग्रज अशी मालिका देतो. तापीकाठच्या मैदानातील आख्यायिका नंद गवळ्याचे नाव सांगते. सातपुड्यातील भिल्ल परंपरा डाबच्या राजा पांठाकडे व गांडा ठाकुराकडे बोट दाखविते. पहिल्या उत्तराला इतिहास म्हणावयाचे व उरलेल्या दोहोंना ‘दंतकथा’ म्हणून एकाच खणात टाकावयाचे, अशी रीत आजवर पडली आहे. वस्तुतः ही दोन उत्तरे परस्परांहून भिन्न जातीची आहेत. तो भेद न ओळखल्यामुळे एकीकडे कथेला इतिहासाचे महत्त्व मिळते व दुसरीकडे महत्त्वाची साक्ष वाया जाते. हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विवेचनात आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडते, कारण आख्यायिकांतील राजांचा विचार तेथे दीर्घकाळ व पद्धतशीरपणे झाला आहे. मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत देशाचे पाच प्रांत कल्पिलेले आहेत. प्रांतासाठी जुन्या आयरिश भाषेतील शब्द ‘कोइगेद’ हा असून त्याचा मूळ अर्थ ‘पाचवा भाग’ असा आहे. ज्या मूळ संख्यावाचकापासून तो निघाला, त्यापासूनच संस्कृत ‘पञ्च’ निघाला. राजवाचक ‘री’ हा शब्दही आपल्या ‘राजन्’चा सगोत्र आहे. अल्स्टरच्या गादीवर कोनखोवर, कॉनॉटमध्ये राणी मेव्ह व तिचा पती आलिल, तर ताराच्या टेकडीवर सर्व आयर्लंडचा अधिराजा कॉर्मक, अशी या आख्यानांची मांडणी आहे.

या राजांचे संशोधकांनी दोन वर्ग केले. काही राजे नावापासून जन्मले. कॉनॉट प्रांताच्या जुन्या नावाचा अर्थ ‘कोनचे वंशज’ असा लावून ‘शतयुद्धी कोन’ हा मूळपुरुष सांगितला जातो. परंतु नाव आधीचे व पुरुष त्यावरून नंतर कल्पिलेला, असा उलटा क्रमही संभवतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या वर्गातील राजे राजधर्माचे दृष्टान्त आहेत. कॉर्मकची कथा या वर्गातील. एका स्त्रीच्या मेंढ्यांनी राणीच्या बागेतील निळीची रोपे खाल्ली. तेव्हा गादीवर असलेल्या लुगैद मॅक कोन या राजाने मेंढ्या जप्त करण्याचा निवाडा दिला. बालक कॉर्मक म्हणाला, ‘एका कापणीची भरपाई दुसऱ्या कापणीने व्हावी, रोपे पुन्हा वाढतील, लोकरही पुन्हा वाढेल.’ खोटा निवाडा झाला त्या बाजूचे घर खचले. पुढे वर्षभर गवत उगवले नाही, धान्य पिकले नाही, आणि प्रजेने लुगैदला दूर केले. ही कथा तिसऱ्या शतकात घडली किंवा नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. राजाच्या सत्याशी शेतातील कणीस बांधलेले असते, ही समाजाची धारणा तीत जतन झाली आहे, हे महत्त्वाचे.

या दोन वर्गांच्या प्रकाशात प्रथम नंद गवळी पाहू. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरने नोंदविलेली आख्यायिका अशी : नंद गवळ्याने नंदुरबार वसविले, ते त्याच्या वंशाकडे राहिले, आणि पुढे मुइनुद्दीन चिश्ती व सय्यद अलाउद्दीन पीर यांनी ते जिंकून घेतले. नंदुरबारला ‘नंदनगरी’ म्हणण्याचा प्रघात याच कथेवर आधारलेला आहे. शहराचे नाव जुने आहे यात शंका नाही; दिल्लीहून १३४२ च्या सुमारास निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतकडे जाताना येथून गेला, व येथील मराठा रहिवाशांचे वर्णन त्याने केले आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून हे नाव येते. परंतु नावाची प्राचीनता म्हणजे राजाचे अस्तित्व नव्हे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर व नांदूर शिंगोटे, बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा ही नावे पाहिली, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नंदराजा मानावा लागेल. मराठीत नांदरूक किंवा नांदुरकी हे वृक्षनाम प्रचारात आहे, आणि वृक्षांवरून पडलेली ग्रामनामे आपल्याकडे विपुल आहेत. हा पर्याय तपासल्याखेरीज नंदाला गादीवर बसविणे युक्त ठरणार नाही. कोरीट या नावावरून ‘कोरीटराजा’ निर्माण करणेही ध्वनिदृष्ट्या अवघड नाही, आणि म्हणूनच अशा व्युत्पत्तीपासून सावध राहिले पाहिजे.

तरीही ‘गवळी’ हे विशेषण निरर्थक नाही. अशीरगडाशी आसा अहिराची कथा जोडलेली आहे. फारुकींनी तो गड कपटाने घेतला असे फिरिश्ता सांगतो. महाराष्ट्रात अन्यत्रही जुन्या देवळांचा व गढ्यांचा संबंध गवळी राजांशी लावला जातो. नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख, २४८-४९ मध्ये आरंभ होणारा व पुढे कलचुरी म्हणून ओळखला गेलेला संवत्, आणि या प्रदेशातील अहिराणी बोलीचे नाव, या गोष्टी पशुपालकांच्या सत्तेची सामूहिक स्मृती सूचित करतात. सारांश, ‘नंद’ हा बहुधा नावाने घडविलेला पुरुष होय; ‘गवळी’ ही मात्र समूहाची आठवण असू शकेल.

सातपुड्यातील परंपरेचे स्वरूप निराळे आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाब हे स्थान तेथे देवांचे व राजांचे मूळपीठ मानले जाते. राजा पांठा, गांडा ठाकूर व याहा मोगी ही त्या परंपरेतील प्रमुख नावे. ‘याहा’ म्हणजे आई. तिचे प्रसिद्ध ठाणे गुजरातच्या सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे असून महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते; महाराष्ट्र, गुजरात व मध्यप्रदेश या तिन्ही राज्यांतील भाविक बांबूच्या टोपल्यांतून धान्यादी नैवेद्य घेऊन येतात. या व्यक्तींची परस्परांशी असलेली नाती कथकागणिक बदलतात. दुष्काळात मोगीने आपले धान्य लोकांना दिले, हे सूत्र मात्र तिच्या माहात्म्याच्या केंद्रस्थानी आहे.

येथे कोणत्याही ग्रामनामाने राजा घडविलेला नाही. राज्याधिकाराचे कारण अन्नदान हे आहे. कॉर्मकच्या कथेशी हिचे साम्य या ठिकाणी आहे. ते उसनवारीमुळे आलेले नव्हे, तसेच केवळ समान भाषाकुलामुळे आले असेही मानण्याचे कारण नाही. पाऊस व पीक यांवर ज्यांचे जीवित अवलंबून, त्या समाजांनी सत्तेला लावलेली ती एकच कसोटी आहे. फरकही तितकाच बोलका आहे. आयरिश आख्यानात राजा भूमीशी विवाहबद्ध होतो व सत्ता त्याच्या हाती राहते. सातपुड्यात राजे मागे सरतात आणि यात्रा मातेच्या नावाने भरते.

या परंपरेतही कालाचे थर आहेत. ‘राजा’ व ‘ठाकूर’ या पदव्या आर्यभाषी दरबारांच्या सहवासाने आलेल्या दिसतात. त्यांखालील व्यक्तिनामे त्यांहून जुनी असू शकतील. ‘गांडा’चा अर्थ गुजराती ‘गांडो’ (वेडा) या शब्दावरून लावण्याचा मोह होतो, परंतु देहवाली, मावची, नोयरी या बोलींतील पुरावा न पाहता तसे करणे म्हणजे नंद गवळ्याच्या बाबतीतील चूकच पुन्हा करणे होय. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीने भिल्ली बोलींना १९०७ मध्ये स्वतंत्र भाग दिला. अशा तपासणीचा आरंभ तेथून करता येतो. प्रांतांची कल्पनाही अनुभवाविना आलेली नसावी. काठी, चिखली, नाल, सिंगपूर, गव्हाळी व नवलपूर या मेवासी जहागिरींनी डोंगराचे विभाग प्रत्यक्ष वाटून घेतले होते. काठीची राजवाडी होळी आजही प्रसिद्ध आहे. तिचा आरंभ १२४६ चा म्हणून सांगितला जातो. मौखिक परंपरेला असे नेमके साल चिकटते, तेव्हा ते कोणत्या लेखनाच्या संपर्काने आले हे विचारले पाहिजे. डाबच्या कथांना अशा सालाची गरज भासलेली नाही.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. तरीही जिल्ह्याची ओळख करून देताना बहुधा नंद गवळ्यापासून आरंभ होतो. दुसरी गोष्ट अधिक निकडीची. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली आणि अनेक कुटुंबे मैदानात व गुजरातेत वसविली गेली. डाबची कथा डोंगर, ओढे व पायवाटा यांच्या नावांतून सांगितली जाते. ऐकणारी पिढी त्या वाटांपासून दूर वाढली की राजांची नावे उरतात, त्यांचे प्रांत उरत नाहीत. आणि प्रांत हरवलेल्या राजाला परक्या पुराणातील एखाद्या देवाचे रूप देणे फार सोपे असते.

म्हणून क्षेत्रसंशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळणे अवश्य आहे. कथा कथकाच्या बोलीतच उतरून घ्यावी. प्रमाण मराठीतील अनुवाद तिच्याशेजारी असावा, तिच्या जागी नसावा. पाठभेद जुळवून एक ‘शुद्ध’ कथा तयार करू नये, कारण ‘पांठा’ व ‘पांता’ यांसारखे भेदही बोलींच्या सीमा दाखवितात. प्रत्येक स्थलनाम नकाशावर निश्चित करावे, आणि ते स्थळ पाण्याखाली गेले असल्यास तसे नोंदवावे. कथक मूळ गावी राहतो की पुनर्वसित वसाहतीत, हेही लिहावे. अशा नोंदी तापीच्या दोन्ही तीरांवरील गावांतून जमल्या, म्हणजे नंद गवळ्याची कथा कोठवर पोचते, डाबची सत्ता कोठून मानली जाते, आणि कोरीटसारख्या गावात या दोन कथा एकमेकींना कशा भेटतात, हे प्रथमच आधारपूर्वक सांगता येईल.