कौटुंबिक चित्रकृतींमधील बालअभिनेत्रीचा वाचिक अभिनय : डकोटा फॅनिंग हिच्या विशेष संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. रंगभूमीवर हे चारही प्रकार एकाच नटाच्या ठायी एकाच वेळी प्रकट होतात. ॲनिमेशनपटाने मात्र ही एकात्मता मोडली. पडद्यावरील मुलीची आकृती चित्रकार रेखाटतो, तिचा वेश दुसराच कोणी ठरवतो, तिच्या हालचाली ॲनिमेटर घडवतो आणि अभिनेत्रीकडे केवळ आवाज उरतो. असे असूनही प्रेक्षकाला पडद्यावर एकच सलग व्यक्तिरेखा दिसते. हे कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

बालकलाकाराच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बालअभिनेत्रीचे मूल्यमापन करताना 'गोंडस', 'निरागस' ही चेहऱ्याशी निगडित विशेषणे सहज वापरली जातात. चेहरा दिसत नसलेल्या कामाची नोंद मात्र श्रेयनामावलीच्या पलीकडे क्वचितच होते. प्रत्यक्षात बालकलाकाराची खरी कसोटी या न दिसणाऱ्या कामातच लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी अमेरिकन अभिनेत्री डकोटा फॅनिंग हिच्या बालवयातील कामाची निवड केली आहे. २३ फेब्रुवारी १९९४ रोजी जॉर्जिया राज्यातील कॉन्यर्स येथे जन्मलेल्या या अभिनेत्रीने वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पडदा आणि ध्वनिमुद्रण या दोन्ही क्षेत्रांत उल्लेखनीय काम केले.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्रत्यक्ष अभिनय, निवेदन, डबिंग आणि ॲनिमेशनसाठीचे ध्वनिमुद्रण यांतील वाचिक अभिनयाचा फरक स्पष्ट करणे.
२. बालकलाकाराचे वय आणि आवाज यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. बालकलाकाराच्या वाचिक श्रमाला मिळणाऱ्या मान्यतेचा विचार करणे.

व्याप्ती

२००१ ते २००९ या कालखंडातील सहा चित्रकृतींपुरता हा अभ्यास मर्यादित आहे. त्यांपैकी 'आय ॲम सॅम' आणि 'टेकन' या कृती सर्वस्वी कौटुंबिक मनोरंजनात मोडत नाहीत. परंतु पुढील कामाची बैठक समजण्यासाठी त्यांचा समावेश आवश्यक वाटला.

विवेचन

१. चेहरा आणि आवाज यांची एकत्र उपस्थिती

जेसी नेल्सन दिग्दर्शित 'आय ॲम सॅम' (२००१) या चित्रपटात डकोटाने ल्यूसी ही भूमिका केली. ल्यूसीच्या वडिलांचे बौद्धिक वय सात वर्षांच्या मुलाइतके आहे आणि ल्यूसी आता त्यांच्या पुढे जाऊ लागली आहे. वडिलांना वाचता येत नाही तो शब्द आपणही वाचायचा नाही, असे ती ठरवते. येथील वाचिक अभिनय उच्चारापेक्षा आवरून धरलेल्या उच्चारात आहे. शब्द येत असूनही न उच्चारणे म्हणजे काय, हे सुमारे सात वर्षांच्या मुलीला चेहरा आणि आवाज यांच्या समन्वयातून दाखवावे लागले. या भूमिकेसाठी तिला स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि असे नामांकन मिळवणारी ती त्या वेळची सर्वांत लहान कलाकार ठरली.

याच प्रकारातील दुसरे उदाहरण म्हणजे गॅरी विनिक दिग्दर्शित 'शार्लट्स वेब' (२००६). ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ सालच्या बालकादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात तिने फर्न ही भूमिका केली. अशक्त म्हणून मारल्या जाणाऱ्या डुकराच्या पिल्लाला फर्न वाचवते. प्रारंभी वडिलांशी वाद घालणारी फर्न पुढे गोठ्यात बसून प्राण्यांकडे पाहणारी, ऐकणारी मुलगी होते. शार्लट या कोळिणीचा आवाज ज्युलिया रॉबर्ट्स यांचा, तर विल्बर या पिल्लाचा आवाज डॉमिनिक स्कॉट के या बालकलाकाराचा आहे. चित्रीकरणात समोर असलेले प्राणी अर्थातच हे संवाद बोलत नव्हते. उत्तर न देणाऱ्या जीवाशी बोलणे आणि त्याचे ऐकणे हे येथील अभिनयाचे स्वरूप आहे. म्हणजेच पडद्यावरील या भूमिकेतही ध्वनिमुद्रण कक्षातील एकाकी अभिनयाचाच एक अंश आढळतो.

२. देहाआधी येणारा आवाज

स्टीव्हन स्पीलबर्ग यांची निर्मिती असलेली 'टेकन' ही दहा भागांची मालिका डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेत प्रसारित झाली. तीन कुटुंबांच्या अनेक पिढ्यांची ही कथा सुमारे अर्धशतकाचा काळ व्यापते. ॲली ही मुलगी तिची निवेदक आहे. तिच्या जन्मापूर्वीच्या घटनाही तीच सांगते, त्यामुळे प्रेक्षक तिचा आवाज आधी ऐकतो आणि तिला प्रत्यक्ष खूप नंतर पाहतो. कौटुंबिक कथनात निवेदकाचे स्थान परंपरेने वडीलधाऱ्यांकडे असते. येथे आठ वर्षांच्या मुलीच्या स्वरात प्रौढांचा इतिहास येतो. मजकूर वयाने मोठा आणि आवाज लहान, या विसंगतीमुळे निवेदनाला गूढता प्राप्त होते.

३. दुसऱ्या मुलीने घडवलेला आवाज

२००२ साली प्रदर्शित झालेल्या डिस्नेच्या 'लिलो अँड स्टिच' या चित्रपटात हवाई बेटांवरील लिलो या मुलीला डेव्ही चेस या बालअभिनेत्रीने आवाज दिला होता. त्या कामासाठी तिला ॲनी पुरस्कारही मिळाला. २००५ मध्ये थेट व्हिडिओवर आलेल्या 'लिलो अँड स्टिच २ : स्टिच हॅज अ ग्लिच' या पुढील भागात मात्र लिलोचा आवाज डकोटाचा आहे. विशेष म्हणजे २००३ ते २००६ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत चेसच लिलोला आवाज देत होती. अर्थात, एकाच काळात एकाच चित्रित मुलीचे दोन आवाज प्रेक्षकांसमोर होते.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पडद्यावरील अभिनेत्री बदलली तर प्रेक्षकाला ते तत्काळ जाणवते, परंतु चित्रित आकृती तीच राहिल्याने आवाजातील बदल झाकला जातो. दुसरी गोष्ट अशी की, नव्या अभिनेत्रीला आधीच्या स्वराची ओळख सांभाळूनच स्वतःची भावना व्यक्त करावी लागते. या भागात लिलो आपल्या दिवंगत आईने जिंकलेल्या हुला नृत्यस्पर्धेची तयारी करते. तिचा हट्ट, एकटेपणा आणि आईची आठवण हे सारे उसन्या स्वरचौकटीत बसवणे सोपे नाही.

४. आधी चित्र, नंतर आवाज

हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' हा जपानी चित्रपट १९८८ सालचा. डिस्नेने तयार केलेली त्याची इंग्रजी आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. तीत सात्सुकी या थोरल्या बहिणीला डकोटाने, तर मेई या धाकटीला तिची सख्खी बहीण एल फॅनिंग हिने आवाज दिला. त्या सुमारास डकोटा अकरा-बारा वर्षांची आणि एल सात वर्षांची होती. मूळ जपानी आवृत्तीत नोरिको हिदाका आणि चिका साकामोतो या प्रौढ अभिनेत्रींनी हे आवाज दिले होते.

लहान मुलांचे आवाज प्रौढ स्त्रियांनी देण्याची प्रथा जपानप्रमाणे अमेरिकेतही आहे. 'द सिम्पसन्स' मधील बार्ट या मुलाचा आवाज नॅन्सी कार्टराइट यांचा आहे. प्रौढ कलाकाराचा आवाज वर्षानुवर्षे टिकतो आणि बालकामगारविषयक वेळेची बंधने तिला लागू होत नाहीत, अशी या प्रथेची व्यावहारिक कारणे आहेत. याउलट 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' (१९६५) मध्ये खऱ्या मुलांचे आवाज वापरले गेले. 'टोटोरो'ची इंग्रजी आवृत्ती या दुसऱ्या परंपरेतील आहे.

डबिंगमध्ये चित्र आधीच पूर्ण झालेले असते. ओठ किती काळ हलणार हे ठरलेले असल्याने इंग्रजी वाक्य तेवढ्याच अवधीत संपवावे लागते. या बंधनातही सात्सुकीचा स्वर दोन पातळ्यांवर वावरतो. आई रुग्णालयात असल्याने ती घर सांभाळते, त्यामुळे तिच्या बोलण्यात पोक्तपणा आहे. मात्र आईच्या प्रकृतीची चिंता असह्य होऊन शेजारच्या आजीजवळ ती रडू लागते, तेव्हा तो पोक्तपणा गळून पडतो आणि आतील लहान मूल ऐकू येते. प्रौढ अभिनेत्री हे कौशल्याने करू शकते. मुलीच्या बाबतीत मात्र स्वराला तिच्या वयाचा थेट आधार मिळतो.

५. आधी आवाज, नंतर बाहुली

हेन्री सेलिक दिग्दर्शित 'कोरलाइन' (२००९) मध्ये ही प्रक्रिया नेमकी उलट आहे. नील गेमन यांच्या २००२ सालच्या लघुकादंबरीवर आधारलेला हा चित्रपट लायका या स्टुडिओने स्टॉप मोशन पद्धतीने तयार केला. या पद्धतीत प्रत्यक्ष बाहुली किंचित हलवून एकेक चित्रचौकट टिपली जाते आणि अशा चोवीस चौकटींतून पडद्यावरील एक सेकंद तयार होतो. ध्वनिमुद्रण आधी होते. त्यातील प्रत्येक ध्वनी चौकटीनुसार मोजला जातो आणि त्या त्या ध्वनीसाठी बाहुलीच्या चेहऱ्याचे भाग बदलले जातात. म्हणजेच अभिनेत्रीने घेतलेला श्वास, शब्दापूर्वीचा अडखळा किंवा स्वरातील कंटाळा यांवरून ॲनिमेटर बाहुलीचा आंगिक अभिनय रचतो. येथे वाचिक अभिनय आंगिक अभिनयाचा पाया ठरतो.

या चित्रपटाच्या आशयातही आवाजाला महत्त्व आहे. शेजारी नायिकेला वारंवार 'कॅरोलाइन' म्हणतात आणि ती प्रत्येक वेळी आपले नाव दुरुस्त करते. मूळ कादंबरीत नसलेले वायबी हे पात्र चित्रपटात योजले आहे, कारण कादंबरीतील मनोगत पडद्यावर संवादरूपाने येण्यासाठी नायिकेला कोणाशी तरी बोलणे आवश्यक होते. 'दुसऱ्या आई'च्या जगातील वायबीला मात्र बोलता येत नाही. आज्ञाधारक, हसरे आणि मुके मूल हे त्या मायावी आईचे आदर्श मूल आहे. कोरलाइन तिच्या जाळ्यातून सुटते ती प्रश्न विचारत आणि वाद घालत. डकोटाने या आवाजात गोडवा मुद्दाम आणलेला नाही. तो किरकिरा, चिडका आणि प्रसंगी उद्धट आहे, म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

६. आवाजाचे वय आणि श्रमाची मान्यता

मुलाचा आवाज ही नाशवंत संपत्ती आहे. आज ध्वनिमुद्रित झालेला स्वर दोन वर्षांनी त्याच मुलीला पुन्हा काढता येईलच असे नाही. या श्रमाच्या संरक्षणासाठी कॅलिफोर्निया राज्यात १९३९ साली कूगन कायदा झाला. बालपणी भरपूर कमाई करूनही प्रौढपणी हाती फारसे काही न उरलेल्या जॅकी कूगन या कलाकाराच्या प्रकरणातून तो उद्भवला. २००० पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार बालकलाकाराची कमाई ही त्याचीच मालमत्ता मानली जाते आणि एकूण कमाईतील किमान १५ टक्के रक्कम विश्वस्त खात्यात ठेवावी लागते. या कायद्यातील कलाकारांच्या यादीत आवाज देणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने चेहरा आणि आवाज यांत भेद केलेला नाही. तो भेद प्रतिष्ठेच्या क्षेत्रात टिकून आहे. ॲनी पुरस्कारांत आवाजासाठी स्वतंत्र विभाग आहे, परंतु ऑस्कर पुरस्कारांत तसा विभाग नाही.

निष्कर्ष

१. निवेदन, डबिंग आणि ॲनिमेशनसाठीचे ध्वनिमुद्रण ही एकाच कौशल्याची रूपे नसून प्रत्येकात आवाज आणि चित्र यांचा क्रम व संबंध वेगळा असतो.
२. चित्र आधी असते तेव्हा अभिनेत्री बंधनात भावना बसवते. आवाज आधी असतो तेव्हा तीच व्यक्तिरेखेच्या देहबोलीची पहिली रचनाकार ठरते.
३. लिलोच्या उदाहरणावरून आवाज सहज बदलण्याजोगा मानला जातो, असे दिसते. परंतु तो आवाज एका विशिष्ट वयाचा एकमेव दस्तऐवज असतो.
४. बालअभिनेत्रीचे मूल्यमापन चेहऱ्याच्या आकर्षकतेवरून केल्यास तिच्या कामाचा मोठा भाग समीक्षेबाहेर राहतो.

समारोप

'कोरलाइन' हा चित्रपट पंधरा वर्षांच्या पूर्तीनिमित्त २०२४ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. तेव्हा डकोटा फॅनिंग तीस वर्षांची होती, पडद्यावरील मुलगी मात्र पूर्वीच्याच आवाजात आपले नाव दुरुस्त करत होती. बाहुलीचे वय वाढत नाही यात नवल नाही. पण त्या बाहुलीत जिवंत असलेले बालपण एका खऱ्या मुलीचे आहे आणि ते तिने श्रमपूर्वक दिलेले आहे. कौटुंबिक चित्रकृतींच्या अभ्यासात या श्रमाची स्वतंत्र नोंद घेतली जाणे आवश्यक आहे.