वळणावरची टकटक

‘गाडीतून टकटक आवाज येतोय’ एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडली की पुढचं सगळं मेकॅनिकच्या अंदाजावर चालतं. आधी लिंक रॉड बदलला जातो, मग लोअर आर्म, आणि बिल भरून घरी येताना पहिल्याच वळणावर तोच आवाज पुन्हा येतो. म्हणून गाडी दाखवायला नेण्याआधी मालकानेच एक गोष्ट शोधून ठेवावी : आवाज नेमका कधी येतो. त्यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. मोकळं मैदान, उघड्या काचा आणि बंद केलेला रेडिओ पुरतो.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनाचा की चाकांचा? गाडी जागेवर उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा. टकटक वाढली तर ती इंजिनाकडची. टॅपेटची फट वाढलेली असते किंवा ऑइल कमी झालेलं असतं. आधी डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल कमी असेल तर आवाज काढत गाडी पळवू नये. किल्ली फिरवल्यावर नुसतीच भराभर कटकट होत असेल आणि इंजिन फिरत नसेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचलेला असतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर, इंजिन बंद असताना, साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. स्टार्टर बदलायला सांगणाऱ्याला आधी मीटर लावायला लावावं.

आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि सरळ रस्त्यावरही येतो, असं असेल तर टायर तपासावेत. नक्षीत अडकलेली खडी डांबरावर अगदी यंत्र बिघडल्यासारखी वाजते. स्क्रू ड्रायव्हरने ती काढली की काम झालं. पण नुकतंच पंक्चर काढून चाक बसवलं असेल तर चाकाचे नट आधी पाहावेत. ढिल्या नटांवर गाडी चालवणं जिवावर बेतू शकतं. तिथेच थांबून ते आवळावेत.

राहिला तो आवाज, जो फक्त वळतानाच येतो. आपल्याकडे तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्यांना मागची चाकं ढकलायची. 1983 साली मारुती 800 आली आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली. पुढच्या चाकांना मात्र वळायचंही असतं. वळलेल्या चाकाला अडखळू न देता, एकाच गतीने फिरवत ठेवणारा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट. त्याची चाकाकडच्या बाजूची आजची रूढ रचना 1920च्या दशकात आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने केली आणि 1959च्या ब्रिटिश मिनीपासून ती छोट्या गाड्यांत सर्रास आली. आत सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. बाहेरच्या वाटीत आणि आतल्या तुकड्यावर कोरलेल्या खाचांतून त्या फिरतात आणि एक पिंजरा त्यांना जागेवर धरून ठेवतो.

गाडी सरळ चालली असताना गोळ्या खाचेत जवळपास एकाच जागी बसून असतात. स्टिअरिंग वळवलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गोळी खाचेत पुढे-मागे सरकते. खाच झिजून तिथे खड्डा पडला असेल तर गोळी त्यात पडते आणि बाहेर येते, तोच टक. म्हणूनच हा आवाज चाकाच्या फेऱ्यांच्या तालात येतो आणि स्टिअरिंग सरळ केलं की थांबतो.

खात्री करून घ्यायला मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, थोडा ॲक्सिलरेटर देत गाडी सावकाश गोल फिरवावी. डावीकडे वळताना वाजलं तर बहुधा उजव्या चाकाचा जॉइंट गेलेला असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. ही चाचणी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरोत असा आवाज आला तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

जॉइंट आपण होऊन क्वचितच जातो. त्याच्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखा घडीदार रबरी बूट असतो आणि आत काळं ग्रीस. रबर उन्हाने तडकतं, दगडाने फाटतं, क्लिप सुटते. मग चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडतं आणि पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत जातं. कोकणातल्या तांबड्या मातीचे बारीक कण गोळ्या आणि खाचा यांच्यामध्ये अडकले की पोलाद घासलं जाऊ लागतं. रिमच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसले तर बूट फाटलाय हे नक्की समजावं.

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. बूट फाटलाय पण आवाज नाही, या टप्प्यावर जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट बसवला की काम थोडक्यात निभावतं. टकटक सुरू झाल्यावर नुसतं ग्रीस भरून देणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाया घालवतो. पडलेला खड्डा ग्रीसने भरत नाही. तिथे जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावाच लागतो. ‘आवाज येतोय तरी गाडी चालतेय ना’ म्हणत वर्ष काढलं तर एक दिवस जॉइंट तुटतो. मग इंजिन चालू असूनही गाडी पुढे जात नाही. त्याहून वाईट म्हणजे घाटात गिअर टाकून उभी केलेली गाडीही धरून राहत नाही, कारण तुटलेल्या एक्सलमुळे गिअरचा चाकांशी संबंध उरत नाही. तेव्हा आधार फक्त हँडब्रेकचा.

काम करून घेताना तीन गोष्टी समोर उभं राहून पाहाव्यात. एक्सल काढताना गिअरचं ऑइल गळतं, ते पुन्हा योग्य पातळीपर्यंत भरलं का; एक्सलचा मोठा नट नवा घातला का; आणि तो नुसत्या जोरावर न आवळता टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळला का. गाडी वर उचललेली असतानाच दुसऱ्या बाजूचा बूटही बोटांनी घड्या उघडून पाहायला सांगावं. बारीक चिरा घड्यांच्या तळाशी असतात, वरून दिसत नाहीत.