रितं केलं, भरायचं राहिलं

झरियात जमिनीखालचा कोळसा पेटल्याची पहिली नोंद १९१६ सालची, भौरा खाणीतली. त्यानंतर देशातलं राज्य बदललं, खाणींचे मालक बदलले, योजना आल्या, मुदती संपल्या. झरिया मात्र आजवर पुरती विझलेली नाही.

झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात, दामोदरच्या खोऱ्यात हे कोळसाक्षेत्र आहे. पोलादाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या उत्तम कोकिंग कोळशाचं हे देशातलं माहेरघर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाणी सुरू झाल्या. छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवायचे आणि मधला कोळसा काढत पुढे जायचं, अशी इथली रीत. शेवटी ते खांबही काढले जात. मागे उरलेल्या पोकळीत वाळू भरायची असते. अनेक मालकांनी तेवढा खर्च वाचवला.

त्या वाचवलेल्या खर्चाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. पोकळी न भरल्यामुळे छत बसतं, वरच्या जमिनीला भेगा पडतात आणि भेगांमधून हवा आत शिरते. आत राहिलेला कोळसा प्राणवायू शोषून तापत जातो आणि एके दिवशी पेट घेतो. जळून राख झालेल्या कोळशाची जागा पुन्हा रिकामी होते, जमीन आणखी खचते, आणखी हवा आत जाते.

हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं असं नाही. खाणीतल्या पोकळ्या भरण्यासाठी १९३९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्या कामाला मदत करायला कोळशावर करही बसला. तरी १९७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारच्या पदरात ७० आगी पडल्या. त्यांचा पसारा होता १७.३२ चौरस किलोमीटर.

मग आगींवर मातीचे थर चढले, आग पुढे सरकू नये म्हणून चर खणले गेले, पोकळ्यांत वाळू सोडली गेली. पुढे जळता कोळसाच खणून काढण्यावर भर आला. त्याने आग खरोखर आटली. २०२१ मध्ये राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या पाहणीत तिचं क्षेत्र १.८० चौरस किलोमीटर भरलं. ही घट मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण या उपायाने भूमिगत खाणींच्या जागी उघड्या खाणी आल्या, आणि धुराच्या जोडीला धूळ वस्तीच्या दारापर्यंत पोचली.

माणसांचा प्रश्न त्याहून संथ चालला. माजी खासदार हराधन रॉय यांनी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १२ ऑगस्ट २००९ रोजी आग आटोक्यात आणण्यासाठी आणि लोकांना सुरक्षित जागी हलवण्यासाठी ७,११२.११ कोटी रुपयांचा झरिया आराखडा मंजूर झाला. धोक्याच्या जागा होत्या ५९५. आराखड्याची मुदत २०२१ मध्ये संपली, तेव्हा असंख्य कुटुंबं जिथल्या तिथेच होती. दरम्यान, मे २०१७ मध्ये झरिया शहरात जमीन अचानक खचली आणि एक बाप आणि त्याचा मुलगा तिच्या पोटात गेले. पुढच्याच महिन्यात आगीच्या भीतीने धनबाद–चंद्रपुरा रेल्वेमार्ग बंद करावा लागला.

हलवलेल्या कुटुंबांसाठी बेलगडियात नवी घरं उभी राहिली, पण कोळशाच्या कामावर पोट असलेल्या माणसाला तिथे काम नव्हतं. घर दिलं म्हणजे पुनर्वसन झालं, हा समज तिथे खोटा ठरला. जून २०२५ मध्ये ५,९४०.४७ कोटींचा सुधारित आराखडा मंजूर झाला. त्यात प्रत्येक कुटुंबाला उपजीविकेसाठी एक लाख रुपये आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. हे शहाणपण यायला सोळा वर्षं लागली.

झरियाचा पहिला आराखडा मंजूर झाला त्याच महिन्यात, २७ ऑगस्ट २००९ रोजी, कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याचे नियम काढले. त्यानुसार खाण चालू असतानाच दरवर्षी वेगळ्या खात्यात पैसे साठवायचे आणि अखेरचा आराखडा निदान पाच वर्षं आधी सादर करायचा. मला यातलं तत्त्व फार मोलाचं वाटतं: खाणीचं तोंड उघडतानाच ते बंद कसं करायचं हे ठरलं पाहिजे, आणि त्याचा खर्च कोळसा विकणाऱ्याने सोसला पाहिजे.

पण त्याआधी सोडून दिलेल्या खाणींचं काय? हा प्रश्न महाराष्ट्राच्याही दारात उभा आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, जुन्या भूमिगत खाणीवर वसलेल्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. अशा प्रत्येक वस्तीत पायाखालच्या खाणीचा नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला पाहिजे. कोणती पोकळी भरली आणि कोणती भरायची राहिली, हे वर राहणाऱ्या माणसाला भिंतीला तडे जाण्याआधी कळायला हवं.