वाशीत प्लॉट घेण्याआधी : नफ्याचे गणित आणि सातबाऱ्याचे वाचन

मोबाईलवर ‘वाशीत प्रॉपर्टी’ असे शोधले की समोर येते ती नवी मुंबईची वाशी. तिथली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, गिऱ्हाईक मुंबईचे आणि भावही तिथलेच. धाराशिव जिल्ह्यातील आपली वाशी म्हणजे बालाघाटच्या डोंगररांगेतले, नगरपंचायतीचे तालुका ठिकाण. त्या वाशीचे सल्ले या वाशीला लागू पडत नाहीत. आपल्या समाजातील बहुतेक तरुणांसाठी प्लॉट ही घरातली पहिलीच स्थावर मालमत्ता असते. त्यामागे आईवडिलांची मजुरी किंवा पहिल्या नोकरीची बचत असते. म्हणूनच हा व्यवहार नीट समजून घेणे गरजेचे आहे.

नफा कसा मोजायचा?

समजा, 8 लाखांचा गाळा घेतला आणि महिना 4 हजार भाडे आले. वर्षाचे 48 हजार, म्हणजे 6 टक्के. मालमत्ता कर, दुरुस्ती आणि गाळा रिकामा राहिलेला एखादा महिना वजा केला की हातात 5 टक्क्यांच्या आसपास उरते. मोकळ्या प्लॉटला तर भाडेही नाही. बँकेत 7 टक्क्यांनी ठेवलेले पैसे साधारण 10 वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे प्लॉटची किंमत 10 वर्षांत दुप्पट झाली तरी बँकेशी फक्त बरोबरी झाली. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्काचा खर्च वेगळाच.

म्हणून एजंटला ‘भाव किती वाढेल?’ असे विचारण्यात अर्थ नाही. इथे भाड्याने कोण राहील, हे आपणच शोधावे. तालुक्याच्या गावात शिक्षक, बँक व महसूल कर्मचारी आणि शिकायला आलेली मुले भाड्याने राहतात. बसस्थानक, तहसील किंवा शाळेजवळची लहान जागा गावाबाहेरच्या मोठ्या प्लॉटपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते. पिण्याचे पाणी उन्हाळ्यात कसे मिळते, हे मे महिन्यात जाऊन पाहावे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे नाव सांगून कोणी भाव चढवत असेल, तर नकाशा उघडावा. तो मार्ग वाशीतून जात नाही.

कागद काय सांगतो?

शेतजमिनीचे गुंठे पाडून विकण्याचा धंदा सर्वत्र चालतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 40 गुंठ्यांचा एक एकर. पण 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र आपल्याकडे जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. नागरी व निवासी भागातील जुने तुकडे नियमित करण्याची वाट सरकारने 2025 मध्ये मोकळी केली. त्यावरून गावाकडच्या शेताचे दोन गुंठे आता चालतात, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आपल्या भूमिहीन कुटुंबांसाठी आणखी एक अट महत्त्वाची आहे. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. जो शेतकरी नाही, त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अशा घरांनी मंजूर रेखांकनातील अकृषिक प्लॉट किंवा बांधलेली जागाच पाहावी. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉटही 8 पेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी विचारावी. शंभर रुपयांच्या बाँडवर किंवा नोटरीवर मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

सातबाऱ्यावर तीन गोष्टी पाहा :

– भोगवटादार वर्ग-1 की वर्ग-2. वर्ग-2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नये.
– ‘इतर हक्क’ रकाना. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, न्यायालयाचा मनाई आदेश तिथे दिसतो.
– जुने फेरफार. बहिणींची नावे वारसातून गळाली असतील, तर उद्या दावा उभा राहू शकतो.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्यावी. गायरानातील जागा कितीही स्वस्त मिळाली तरी ती सरकारी आहे. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्कच नाही.

आधी आपली जमीन शोधा

महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. मराठवाड्यात निजामकालीन इनामे 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने संपली. अशा जमिनी अनेकदा वर्ग-2 च्या असतात. गरजेपोटी इसार पावती किंवा मुखत्यारपत्र लिहून घेऊन त्या कवडीमोलाने काढून घेण्याचे प्रकार होतात. नवा प्लॉट पाहण्याआधी आजोबा-पणजोबांच्या नावाचे जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावेत.

भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते आणि 2018 पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. अर्ज समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात करावा.

कार्यकर्त्यांनी एका रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर सातबारा वाचनाचा वर्ग घ्यावा. एखादा निवृत्त तलाठी आणि एखादा वकील बोलवावा, प्रत्येकाने आपला उतारा आणावा. कोणाच्या तरी घरची लाखोंची फसवणूक त्या तासाभरात टळू शकते.