अबिंदुकता, स्पर्शभिंगे व वाहनचालन

डोळ्याच्या सर्व प्रतलांतील प्रणमनशक्ती (प्रकाशकिरण वळविण्याची क्षमता) सारखी नसल्यास बिंदुरूप वस्तूची प्रतिमा जालपटलावर बिंदुरूप न पडता रेषाकार किंवा लंबवर्तुळाकार व अस्पष्ट पडते. या दोषास अबिंदुकता म्हणतात. तो चष्म्याच्या चितीय भिंगाने किंवा स्वच्छमंडलावर प्रत्यक्ष बसविण्याच्या स्पर्शभिंगाने (काँटॅक्ट लेन्सने) सुधारता येतो. वाहन चालविणाऱ्यास रस्त्याविषयीची बहुतेक माहिती डोळ्यांवाटेच मिळत असल्याने ही सुधारणा किती पूर्ण व किती स्थिर आहे, या प्रश्नाचा त्याच्या स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे.

दोषाचे स्वरूप : डोळ्याची एकूण प्रणमनशक्ती सु. ६० डायॉप्टर असून तिच्यापैकी सु. ४३ डायॉप्टर एकट्या स्वच्छमंडलाची असते. स्वच्छमंडलाचा पृष्ठभाग चेंडूसारखा सर्व दिशांनी सारखा वक्र नसून काहीसा अंड्याच्या बाजूसारखा असला, म्हणजे परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन प्रमुख प्रतलांत त्याची वक्रता वेगवेगळी असली, की नियमित अबिंदुकता उद्भवते. काही डोळ्यांत ती नेत्रभिंगामुळेही येते. स्वच्छमंडल ओबडधोबड किंवा शंक्वाकार झाल्यास अनियमित अबिंदुकता निर्माण होते व ती चष्म्याने पुरेशी सुधारत नाही. या दोषात सर्व रेषा सारख्या अस्पष्ट दिसत नाहीत. एका दिशेच्या रेषा ठळक, तर तिच्याशी काटकोनातील रेषा पुसट दिसतात. अक्षरे व अंक हे निरनिराळ्या दिशांच्या रेषांचेच बनलेले असल्याने रस्त्यावरील फलक किंवा वाहनाचा क्रमांक वाचताना ३ व ८, ५ व ६ यांसारख्या अंकांत गल्लत होऊ शकते.

ऐतिहासिक माहिती : टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन १८०१ मध्ये प्रसिद्ध केले. डोळा पाण्यात बुडवून त्यांनी स्वच्छमंडलाची प्रणमनशक्ती जवळजवळ नाहीशी केली. तरीही दोष कायम राहिला. त्यावरून तो नेत्रभिंगात असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. जॉर्ज बिडेल एअरी या ज्योतिर्विदांनी १८२५ मध्ये आपल्या सदोष डोळ्यासाठी चितीय भिंग तयार करवून घेतले. या दोषाला आज रूढ असलेले इंग्रजी नाव विल्यम ह्यूएल यांनी दिले. प्रत्यक्ष वापरता येण्याजोग्या काचेच्या स्पर्शभिंगांची माहिती आडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केली; ही भिंगे मोठी व जड असून डोळ्याचा पांढरा भागही झाकीत. केव्हिन टूही यांनी १९४८ मध्ये केवळ स्वच्छमंडलावर बसणारे प्लॅस्टिकचे भिंग प्रचारात आणले. ऑटो व्हिख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये पाणी शोषून घेणाऱ्या बहुवारिकाची मऊ भिंगे घरगुती यंत्राच्या साहाय्याने तयार केली. अमेरिकेत मऊ भिंगांच्या विक्रीस १९७१ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर वायुपार्य कठीण भिंगे, अबिंदुकतेसाठीची मऊ टोरिक भिंगे आणि १९९९ च्या सुमारास ऑक्सिजन अधिक प्रमाणात आत जाऊ देणारी सिलिकॉन हायड्रोजेलची भिंगे उपलब्ध झाली.

भिंगांचे प्रकार व कार्य : कठीण भिंग डोळ्यावर ठेवले असता आपला गोलाकार कायम राखते आणि ते व स्वच्छमंडल यांमधील जागा अश्रूंनी भरून निघते. अश्रूंचा प्रणमनांक स्वच्छमंडलाच्या प्रणमनांकाच्या जवळपास असल्याने हा अश्रूंचा थरच भिंगाचे काम करतो व स्वच्छमंडलाची अबिंदुकता बव्हंशी, म्हणजे सु. ९० टक्के, निष्प्रभ होते. भिंग फिरले, तरी या सुधारणेत फरक पडत नाही. मात्र यंग यांच्या डोळ्याप्रमाणे दोष नेत्रभिंगात असेल, तर साध्या कठीण भिंगाने तो जात नाही. शंक्वाकार स्वच्छमंडलाच्या विकारात कठीण भिंग विशेष उपयोगी पडते. हा विकार बहुधा किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी सुरू होतो व पुढे वाढत जातो. अशा काही व्यक्तींना चष्म्याने फलक वाचता येत नाही, पण कठीण भिंगाने वाचता येतो. त्यांच्या बाबतीत वाहन चालविण्याची पात्रता व प्रसंगी उपजीविकाही या भिंगावरच अवलंबून असते.

मऊ गोलीय भिंग स्वच्छमंडलाच्या आकाराप्रमाणे वाकते, त्यामुळे अबिंदुकता त्याच्या पुढील पृष्ठभागावर जशीच्या तशी उमटते. ती सुधारण्यासाठी टोरिक भिंग वापरावे लागते. या भिंगाच्या दोन प्रतलांतील शक्ती वेगवेगळी असल्याने ते डोळ्यावर ठराविक दिशेतच राहिले पाहिजे. त्यासाठी भिंगाची खालची बाजू जाड ठेवतात किंवा वरच्या व खालच्या कडा पातळ करून पापण्यांच्या दाबाने ते स्थिर राहील अशी योजना करतात. भिंगाची बैठक तपासता यावी म्हणून त्यावर बारीक खुणा कोरलेल्या असतात.

भिंग फिरल्याचा परिणाम : टोरिक भिंग योग्य दिशेपासून फिरल्यास अबिंदुकता पुन्हा अंशतः प्रकट होते. चितीय शक्तीची दुप्पट आणि फिरलेल्या कोनाची ज्या (साइन) यांच्या गुणाकाराइतकी ही उर्वरित अबिंदुकता असते. भिंग ५° फिरल्यास मूळ दोषाच्या सु. १७ टक्के, १०° फिरल्यास सु. ३५ टक्के व ३०° फिरल्यास मूळ दोषाइतकी अबिंदुकता उरते. त्याहून अधिक फिरलेल्या भिंगापेक्षा ते नसलेले बरे. म्हणजेच २ डायॉप्टर अबिंदुकता असलेल्या चालकाचे भिंग १०° फिरले, तर सु. ०.७ डायॉप्टर दोष उरतो आणि त्याचा अक्ष मूळ अक्षाहून वेगळा, तिरपा असतो. दोषाचे मूळ प्रमाण जितके अधिक तितके भिंगाचे थोडे फिरणेही अधिक बाधक ठरते. अल्प अबिंदुकतेत मात्र तेवढेच फिरणे कदाचित जाणवतही नाही. पापणीची उघडझाप, नजर एकदम आरशाकडे किंवा खांद्यावरून मागे वळविणे आणि भिंग कोरडे पडणे यांमुळे ते क्षणभर हलू शकते. चांगले बसलेले भिंग लगेच पूर्वस्थितीत येते, सैल किंवा घट्ट भिंग येत नाही.

वाहनचालनातील लाभ : स्पर्शभिंग डोळ्याबरोबर फिरत असल्याने नजर कोणत्याही बाजूस गेली, तरी चालक भिंगाच्या मध्यभागाजवळूनच पाहतो. चष्म्याची चौकट दृष्टिक्षेत्राचा काही भाग झाकते. बाजूने येणारी सायकल किंवा पादचारी तिच्याआड क्षणभर लपू शकतो. स्पर्शभिंगात हा अडथळा नसतो. अधिक चितीय शक्तीच्या चष्म्यामुळे दोन दिशांतील प्रतिमांचे विशालन वेगवेगळे होते. त्यामुळे नवा चष्मा लावल्यावर रस्ता तिरका किंवा जमीन उंचसखल भासते. डोळ्यालगत असलेल्या स्पर्शभिंगात असे विरूपण पुष्कळच कमी असते. पावसाचे थेंब व वाफ यांमुळेही चष्म्याप्रमाणे दृष्टी अंधुक होत नाही. दुचाकी चालविणाऱ्यास शिरस्त्राण घालणे व काढणे सोयीचे होते.

मर्यादा : लक्षपूर्वक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते व दीर्घ प्रवासात भिंगाचा पृष्ठभाग कोरडा पडतो. वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर असल्यास हा परिणाम वाढतो आणि दृष्टी मधूनमधून अंधुक होते. दुचाकीस्वाराच्या डोळ्यात जाणारी धूळ कठीण भिंगाखाली अडकल्यास तीव्र वेदना होऊन डोळा मिटतो. भिंग निसटल्यास दोन डोळ्यांच्या प्रतिमांत एकाएकी तफावत पडते. कठीण भिंगाने स्वच्छमंडलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. त्यामुळे ते काढून लगेच चष्मा लावला, तरी काही वेळ स्पष्ट दिसत नाही. चाळिशीनंतर एक डोळा दूरच्या व दुसरा जवळच्या दृष्टीसाठी सुधारण्याची पद्धत काही जण स्वीकारतात, पण रात्रीच्या चालनास ती सोयीची नसते. बुबुळाचा रंग बदलणाऱ्या भिंगांचा रंगीत भाग अंधारात बाहुली मोठी झाल्यावर तिच्या कडेवर येतो व दृष्टीस अडथळा करतो.

वेग, अंतर व दृष्टी : सुधारणा अपुरी असण्याचा अर्थ अंतराच्या हिशेबाने स्पष्ट होतो. ताशी ८० किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सु. २२ मी. जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद लागला व कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तरी वाहन थांबेपर्यंत एकूण ५५ ते ६० मी. अंतर तोडले जाते. ओल्या रस्त्यावर ते बरेच वाढते. ६/६ दृष्टी असलेल्यास एखादा फलक १२० मी. अंतरावरून वाचता येत असेल, तर ६/१२ दृष्टी असलेल्यास तो सु. ६० मी. अंतरावर आल्याशिवाय वाचता येणार नाही. याचा अर्थ निर्णयासाठी मिळणाऱ्या वेळातून पावणेतीन सेकंद कमी होतात. वळणाची सूचना किंवा रस्त्यातील खड्डा यांच्या बाबतीत एवढा वेळ निर्णायक ठरू शकतो.

रात्री बाहुली मोठी होते. तिचा व्यास ३ मिमी.वरून ६ मिमी. झाल्यास तेवढ्याच अबिंदुकतेमुळे प्रतिमेची अस्पष्टता दुप्पट होते. समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे एका दिशेने लांबलेले, पिसारल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या शेजारचा काळसर वस्त्रांतील पादचारी किंवा दिवा नसलेली बैलगाडी त्या पिसाऱ्यात बुडून जाते. म्हणून दिवसा न जाणवणारा दोष रात्री धोकादायक होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड तंत्रविद्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प ते मध्यम अबिंदुकता असलेल्या चालकांच्या एका लहान गटाकडून रहदारीस बंद असलेल्या मार्गावर रात्री मोटार चालवून घेण्यात आली. टोरिक भिंगांच्या तुलनेने गोलीय मऊ भिंगे घातली असताना त्यांचे एकूण चालन निकृष्ट ठरले. फलक ओळखणे व पार्श्वभूमीशी मिळतेजुळते अडथळे टाळणे यांत फरक दिसून आला. सौम्य अबिंदुकता असलेल्यांना केवळ खर्च वा सोय पाहून गोलीय भिंगे देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. चालकांच्या बाबतीत तिचा फेरविचार करणे इष्ट आहे, असे यावरून दिसते.

परवाना व दृष्टिकसोटी : ग्रेट ब्रिटनमध्ये वाहनचालकाला, आवश्यक तर चष्मा किंवा स्पर्शभिंगे वापरून, २० मी. अंतरावरील वाहनाचा क्रमांक दिवसा वाचता यावा लागतो. तसेच दृष्टी किमान ६/१२ असावी लागते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार उमेदवाराने भरावयाच्या शारीरिक पात्रतेच्या घोषणेत २५ मी. अंतरावरील मोटारीचा क्रमांक चांगल्या उजेडात, चष्मा वापरात असल्यास तो लावून, ओळखता येतो की नाही हे नमूद करावे लागते. अशा कसोट्या साध्या व सर्वत्र घेता येण्याजोग्या असल्या, तरी त्या दिवसा, स्थिर स्थितीत व ठळक अक्षरांवर घेतल्या जातात. रात्रीचे दिपणे, भिंगाचे फिरणे किंवा दोन तासांच्या प्रवासानंतरचा कोरडेपणा त्यांत प्रकट होत नाही. परवाना मिळाला म्हणजे दृष्टी सर्व परिस्थितींत पुरेशी आहे, असे मानणे म्हणूनच बरोबर नाही.

दक्षता : टोरिक भिंग बसवून काही वेळ गेल्यावर व नजर सर्व बाजूंना फिरवावयास लावून त्याची स्थिरता नेत्रतज्ञाने तपासावी. आपण रात्री किंवा लांबचा प्रवास करतो, हे चालकाने तपासणीच्या वेळी सांगणे आवश्यक असते. नव्या भिंगांची सवय झाल्याशिवाय रहदारीत वाहन चालवू नये. ताज्या नंबराचा चष्मा नेहमी जवळ ठेवावा. मात्र कठीण भिंगे वापरणाऱ्याने ती काढल्यावर चष्म्यातून स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबावे. वातानुकूलनाचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नये, तसेच दुचाकीस्वाराने पारदर्शक झडप असलेले शिरस्त्राण वापरावे. दृष्टी अंधुक झाल्यास चालता चालता डोळा चोळण्याऐवजी वाहन रस्त्याच्या कडेस थांबवावे. डोळा लाल होणे, दुखणे किंवा प्रकाश सहन न होणे ही लक्षणे दिसताच भिंग काढून वैद्यकीय सल्ला घ्यावा. भिंगे घालून झोपल्याने स्वच्छमंडलास जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. रात्रपाळीच्या चालकांनी विश्रांतीपूर्वी ती काढून ठेवणे विशेष महत्त्वाचे आहे.

चष्मा व स्पर्शभिंग यांपैकी एक साधन सर्वच चालकांना श्रेष्ठ ठरत नाही. अनियमित अबिंदुकतेत कठीण भिंगाला सहसा पर्याय नसतो. नियमित अबिंदुकतेत नीट बसलेले टोरिक भिंग चष्म्याच्या तोडीचे व काही बाबतींत अधिक सोयीचे असते. परंतु कोरड्या डोळ्यांच्या व्यक्तीस किंवा भिंग स्थिर न राहणाऱ्यास चष्माच अधिक विश्वसनीय असतो. ज्या साधनाने दिवसाप्रमाणेच रात्रीही, आणि प्रवासाच्या आरंभाप्रमाणेच शेवटीही, रस्ता स्पष्ट दिसतो ते साधन त्या चालकाच्या दृष्टीने योग्य होय. [⟶ चष्मा; डोळा; भिंग].