नफ्याच्या ८५ पट

३० नोव्हेंबर २०२३ रोजी टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर बाजारात आला. ५०० रुपयांना दिलेला शेअर १,२०० वर उघडला, दिवसभरात १,४०० ला पोहोचला आणि १,३१३ च्या आसपास बंद झाला. ज्याला ३० शेअर्सचा एक लॉट लागला, त्याच्या १५ हजारांचे बाजार उघडताच ३६ हजार झाले.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही कंपनी घरचीच. पिंपरीच्या टेल्कोची, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सची, ही तेव्हा उपकंपनी होती. मुख्यालय हिंजवडीत, काम वाहनांच्या अभियांत्रिकीचे. टीसीएसनंतर जवळपास वीस वर्षांनी आलेला टाटा समूहाचा हा पहिला आयपीओ. टाटा मोटर्सच्या भागधारकांसाठी आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा हिस्सा राखीव होता. एकूण मागणी ६९ पट आली.

उत्साहाला आधारही होता. २०२०-२१ मध्ये २३९ कोटी असलेला नफा २०२२-२३ मध्ये ६२४ कोटींवर गेला होता. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे जगभरच्या वाहन कंपन्यांना नव्या आरेखनाची घाई होती, आणि ते काम हिंजवडीत होत होते.

पण दोन गोष्टी तेव्हाही उघड्या होत्या. एक, ३,०४२ कोटींचा हा संपूर्ण आयपीओ ‘ऑफर फॉर सेल’ होता. जुने भागधारक आपला हिस्सा विकत होते. नव्या कामासाठी कंपनीच्या हाती त्यातला रुपयाही येणार नव्हता. दुसरी, जेमतेम दीड महिन्यापूर्वी टाटा मोटर्सने ९.९ टक्के हिस्सा विकला, तेव्हा संपूर्ण कंपनीची किंमत १६,३०० कोटी धरली होती. पहिल्या दिवशी बाजार बंद होताना तीच कंपनी ५३ हजार कोटींची झाली. दीड महिन्यात कंपनीचे काम तिप्पट झाले नव्हते.

५३ हजार कोटी म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या ८५ पट. ही किंमत पटायची, तर पुढच्या चार-पाच वर्षांत नफा निदान तिप्पट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये तो ६७९ कोटी झाला आणि २०२४-२५ मध्ये ६७७ कोटींवर थबकला. जॅग्वार लँड रोव्हर आणि टाटा मोटर्स या घरच्याच ग्राहकांवर मोठी भिस्त होती, आणि व्हिएतनामच्या विनफास्टचे काम ओसरले. या धंद्यात नवी गाडी घडत असते तोवर काम भरपूर. ती रस्त्यावर आली की पुढची गाडी शोधावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये शेअर ७०० च्या खाली होता. कंपनी तोट्यात गेली नव्हती, बुडालीही नव्हती. भाव मात्र निम्म्यावर आला.

हिंजवडीतल्याच केपीआयटीची गोष्ट याहून बोलकी आहे. बिर्लासॉफ्टपासून वेगळी होऊन ती एप्रिल २०१९ मध्ये शंभरीच्या आसपास पुन्हा बाजारात आली. वाहनांच्या सॉफ्टवेअरवरच लक्ष ठेवून तिने २०२०-२१ चा १४७ कोटींचा नफा २०२४-२५ मध्ये ८४० कोटींवर नेला. तरीही जुलै २०२४ मध्ये १,९०० च्या वर, म्हणजे तिथेही नफ्याच्या ८५ पटींच्या घरात, शेअर घेणाऱ्याने पुढच्या एप्रिलपर्यंत सुमारे ४० टक्के गमावले. नफा वाढत असतानाही भाव पडला, कारण ती वाढ भावात आधीच मोजून झाली होती. शंभरीला घेणारा मात्र पडत्या भावातही दसपटीत होता. कंपनी तीच, काम तेच; फरक खरेदीच्या भावाचा.

म्हणून १,३१३ चा भाव महागच होता असे मी ठामपणे म्हणतो, आणि ते त्या दिवशीही कळण्यासारखे होते. आपल्या पट्ट्यात कंपनीची ओळख हाच भरवसा मानला जातो. भाऊ तिथे कामाला आहे, बस रोज गेटवरून जाते, ऑर्डर भरपूर आहेत, एवढ्यावर पगारातली बचत लावली जाते. ही ओळख कंपनी चांगली आहे एवढेच सांगते. भाव रास्त आहे का, हे कंपनीचे बाजारमूल्य नफ्याने भागल्यावर कळते. पहिले डीमॅट खाते उघडणाऱ्या आयटीआयच्या पोराला हा भागाकार कुणीतरी शिकवायला हवा, आणि तोही खरेदीच्या आधी.